तिच्या वाट्याची उत्तरे

उतारवयात प्रथमच लेखणी उचलण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण परवा इस्पितळात माझ्या नंबराची वाट पाहताना समोर पाहिलेले मनातून जात नाही.

स्कूटरवरून पडून डोके आपटलेली एक बाई डॉक्टरांसमोर बसली होती. वरची जखम किरकोळ होती. स्मरण शाबूत आहे ना, एवढेच तपासायचे होते.

"ताई, आज वार कोणता?"

"गुरुवार," शेजारून नवरा म्हणाला.

"मघाशी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?"

तिचे ओठ हलले, तोच तो हसला, "आंबा, खुर्ची, नदी. अहो, हिला एरवी तरी कुठे काय आठवतं!"

डॉक्टरही हसले आणि 'ठीक' असे लिहून मोकळे झाले. ती मात्र हातातल्या स्कूटरच्या किल्लीकडे, ती कुणा परक्याची असावी तशी, पाहत होती.

मेंदूला बसलेला मार बाहेरून दिसत नाही. तो तिच्या चुकलेल्या उत्तरातूनच कळला असता, आणि चुकण्याची तेवढी संधीही तिला कुणी दिली नाही. तिला तसेच घरी नेले. त्या नवऱ्याचा, त्या डॉक्टरांचा आणि गप्प बसून राहिलेल्या माझाही मला अजून संताप येतो.

तुमच्या घरी डॉक्टरांच्या प्रश्नांना कोण उत्तर देते?