स्क्रीन लोकांकडे वळवणाऱ्या मेश्राम मॅडम

श्रीमती सुशीलाताई मेश्राम यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असा समितीचा आग्रह आहे. समितीला आधीच सांगून ठेवतो. मॅडमविषयी मला अपार आदर आहे. पण त्यांच्या हाताखालची निम्मी वर्षे मी वैतागून काढली आहेत. तो वैताग गाळून लिहायला बसलो, तर कागदावर फारसे काही उरणार नाही.

त्यांची माझी पहिली भेट झाली तीच मुळी माझा संताप होऊन. मी आर्णीचा. संगणकाची पदविका घेऊन इथल्या नगरपालिकेत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो होतो. कापसाला भाव नव्हता, गावातल्या जिनिंगा एकामागून एक बंद पडत होत्या आणि पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. कर्मचाऱ्यांचे पगारसुद्धा रखडत. अशा वेळी पालिकेने संगणक घेतले ते एकाच आशेने, की बटण दाबले की थकबाकीच्या नोटिसा भराभर छापून निघतील. त्यांच्यासाठी वेगळी खोली केली होती. धूळ नको म्हणून दार कायम बंद, आणि चपला बाहेर काढायच्या.

मॅडम करविभागाच्या प्रमुख होत्या. मी त्यांच्याकडे त्या खोलीची किल्ली मागितली. किल्ली काही त्यांनी दिली नाही. एका घराचा कर-उतारा काढायचा आहे असे सांगून बाहेरच्या रांगेत उभे राहा, म्हणाल्या. मला वाटले, गंमत करताहेत. त्या गंमत करीत नव्हत्या. आमच्या खिडकीला गजांमध्ये एक अर्धगोल भोक होते. उंच माणसाला वाकावे लागे आणि ठेंगण्याला टाचा उचलाव्या लागत. माझा नंबर आला तेव्हा आतल्या बाबूंनी मान वर न करता सांगितले की साहेब जेवायला गेलेत, दुपारून या. दुपारी लाइट गेलेली होती. मी तणतणतच मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "राऊतभाऊ, हेच काम मशीननं लवकर केलं, तं लोकायचं काय भलं?"

किल्ली मिळाली. नावे भरण्याचे काम सुरू झाले आणि माझ्या खऱ्या छळाला प्रारंभ झाला. जुन्या नोंदवह्यांतली नावे जशीच्या तशी संगणकात चढवायची, असा सरळ हुकूम मला होता. बरीच भरून झाली होती. एके दिवशी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि काम थांबवा म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले, तिथे 'महाद्या' लिहिले होते. खाली 'किसन्या', त्याखाली 'धोंड्या'. त्याच पानावर बाजारपेठेतल्या घरमालकांच्या नावांना मात्र 'राव' आणि 'शेठ' लागलेले. मी म्हणालो, वहीत आहे तेच मी लिहितो आहे, माझा काय दोष? त्यांनी मला दोष दिला नाही. त्या मारेगावकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या. एवढेच म्हणाल्या, "माह्या बापाचं नाव गावच्या कागदावर 'सख्या' होतं. घरी त्याले सखाराम म्हणत. वहीत झालं ते झालं. मशीनमंदी हे जाऊ द्याचं नाई."

आता नावे दुरुस्त करायची तर विचारायचे कोणाला? मॅडमनी ठरवले की प्रत्येक वॉर्डात जाऊन यादीचे जाहीर वाचन करायचे. मी कपाळावर हात मारला. मुख्याधिकारी नोटिसांसाठी रोज माणूस पाठवीत होते, माझे कंत्राट संपत आले होते, आणि मी मात्र कधी विहारात, कधी देवळाच्या पारावर, कधी दर्ग्याजवळ उभा राहून हजेरी घ्यावी तशी नावे वाचत होतो. लोक वाद घालत. एका घरातले दोन भाऊ आडनाव दोन तऱ्हांनी सांगत. कोणी नाव सोडून स्वतःच्या म्हशीची तक्रार घेऊन येई. मॅडम सगळ्यांचे ऐकून घेत आणि लिहून मात्र मला घ्यावे लागे.

विहारातल्या वाचनात मी एका जिनिंग कामगाराचे नाव वाचले. मागच्या बाजूला बसलेल्या अनुसयाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा जिनिंग बंद पडल्यावर वर्षभरातच वारला होता. त्या म्हणाल्या, "तो माणूस गेला. घरात तं आता मीच हावो. माह्यं नाव कोण लिहीन?" लोक एकमेकांकडे पाहू लागले. कारण त्या घरावर आपले नाव चढवावे, असा त्यांच्या दिराचा अर्ज आधीच पालिकेत आला होता. दीर एका नगरसेवकाच्या मागेपुढे असे. नगरसेवकांनी मला बोलावून, संगणकात नवीन नावे भरताच आहात तर हेही भरून टाका, असे गोडीने सांगितलेही होते.

मी मॅडमना व्यवहाराचा सल्ला दिला. आत्ता दिराचे नाव टाकू, पुढे बाईंनी अर्ज केला की दुरुस्त करू, उगाच वैर कशाला? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला माझी खुर्ची कमी उंचीची वाटू लागली. "आज बाई समोर उभी हाये तरी तिचं नाव तुमच्यानं लिहिणं होत नाई. एकदा दुसऱ्याचं चढलं, मंग ते खोडायले तुमी तिले किती कागद मागसान?" त्यांनी दिराचा अर्ज वारसांच्या संमतीअभावी परत केला आणि तसे स्वतःच्या सहीने लिहिले.

पुढच्याच आठवड्यात मॅडमची बदली झाली. कुठे? कोंडवाड्यावर. मोकाट गुरे आणून कोंडायची ती जागा. एक पत्र्याची खोली, एक टेबल आणि समोर आवाराचे फाटक. मला आजही त्या आदेशाचा संताप येतो. मॅडमना आला की नाही ठाऊक नाही. टेबल पुसून त्या कामाला लागल्या, आणि गुरांना पाणी वेळेवर मिळत नाही अशी तक्रार त्यांनी रुजू झाल्या दिवशीच पालिकेकडे पाठवली.

इकडे नोटिसा निघाल्या. न वाचलेल्या वॉर्डांची नावे जशीच्या तशी छापली गेली होती. छपाईत अक्षरांची उलटापालट झाली ती वेगळीच; धुर्वे यांचा रफार पार पुढच्या शब्दावर जाऊन बसला होता. मेलेल्या माणसांना जप्तीची ताकीद गेली. लोक खिडकीवर आले की आतून उत्तर मिळे, 'कम्प्युटरमध्ये असंच आहे.' या उत्तरापुढे कोणाचे काही चालत नसे. मी बंद खोलीत बसून हे ऐकत होतो आणि दात-ओठ खात होतो.

मग लोक कोंडवाड्यावर जाऊ लागले. आधी अनुसयाबाई गेल्या, मग त्यांच्या गल्लीतल्या बायका, मग सगळा बाजार. मॅडम नोटीस वाचून दाखवीत, काय चुकले ते सांगत, अर्ज लिहून देत आणि आता खिडकीवर जा म्हणत. खिडकीवर अर्जांचा ढीग साचला. शेवटी ही काय भानगड आहे म्हणून मुख्याधिकारी स्वतः कोंडवाड्यावर गेले, बरोबर मीही होतो. म्हातारी माणसे बाकावर बसलेली, बाकीचे रांगेत, आत गुरे हंबरत होती आणि मॅडम एका आजोबांना त्यांचेच नाव मोठ्याने वाचून दाखवीत होत्या. साहेब बराच वेळ फाटकाशी उभे राहिले. परत येताना जीपमध्ये त्यांनी मला विचारले की आपल्या कार्यालयात बाक का नाही. मी म्हणालो, मॅडमनी तीनदा मागितला होता.

मॅडम करविभागात परत आल्या, त्याही हुज्जत घालून. खिडकीची भिंत काढल्याशिवाय बसणार नाही, असे त्यांनी साहेबांना सांगितले. भिंत निघाली, टेबल आले, समोर लोकांसाठी खुर्च्या आल्या. माझा संगणक बंद खोलीतून बाहेर आला. आणि मॅडमनी त्याचा पडदा धरून अर्धा वळवला, समोरच्या माणसाला आपले नाव दिसले पाहिजे म्हणून. दुसरा पडदा घ्यायला पैसे नव्हते. तेव्हापासून वर्षानुवर्षे मी मान वाकडी करून काम केले. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक नाव सांगतात. मी त्याला मेश्राम मॅडम म्हणतो.

राहिलेल्या वॉर्डांचे वाचन झाले. अनुसयाबाईंच्या अर्जावर रीतसर चौकशी होऊन त्यांचे नाव चढले. दिराने वरपर्यंत तक्रार केली, ती टिकली नाही. ज्या दिवशी नाव चढले त्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. मॅडमनी पडद्यावर बोट फिरवीत एकेक अक्षर वाचून दाखवले. बाई पाहत राहिल्या. मग भारनियमनाच्या त्या दिवसांत कोणालाही पडावा असा प्रश्न त्यांनी विचारला, "लाइट गेली तरी नाव राह्यते नं?" मी साठवणूक, प्रत वगैरे समजावू लागलो. मॅडमनी मला थांबवले, उतारा छापून घेतला, शिक्का मारला आणि बाईंच्या हातात दिला. त्या घरात अनुसयाबाई आजही राहतात.

माझ्यावरचे त्यांचे उपकारही असेच, डोके फिरवणारे. कारकुनाच्या जागेची जाहिरात आली तेव्हा मी अर्ज करणार नव्हतो. यवतमाळला खासगी काम मिळत होते आणि पालिकेचा मला वीट आला होता. मॅडमनी मला न विचारता अर्ज भरून आणला, सही करा म्हणाल्या आणि परीक्षेपर्यंत रोज जेवणाच्या सुटीत मला करनियम शिकवले. माझा डबा त्या सुटीत कधी धड खाऊन झाला नाही. माझ्या आईला हे कळल्यावर तिने मॅडमसाठी वेगळी ज्वारीची भाकर पाठवायला सुरुवात केली. त्या ती खात आणि मला प्रश्न विचारीत. मी पुढे त्याच विभागाचा प्रमुख होऊन निवृत्त झालो.

आता शेवटचे, आणि हे मी सर्व स्नेह्यांना उद्देशून लिहितो आहे. मॅडमच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी कधीच सांगितली आहे. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना यवतमाळच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. गाडी लावून आत येतो तो मॅडम नोंदणीच्या खिडकीवर व्यवस्थापकांना समजावत होत्या की म्हाताऱ्यांना उभे ठेवू नये, खुर्च्या त्या बाजूला असाव्यात आणि नंबर मराठीत पुकारावेत. त्यात डॉक्टरांची वेळ संपली. आम्ही तपासणी न करताच परत आलो. वाटेत मी चरफडत गाडी चालवली. त्या मात्र खूश होत्या.

मॅडमना दीर्घायुष्य लाभेल की नाही याची मला काळजी नाही; एवढी कामे हाती घेतलेला माणूस ती अर्धवट टाकून कुठे जातो? प्रश्न निरामय आयुष्याचा आहे, आणि ते केवळ शुभेच्छांनी येणार नाही. म्हणून शाल-श्रीफळाच्या दुसऱ्याच दिवसाची डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, गाडीही सांगून ठेवली आहे. नोंदणीला मी एकटा जाईन. डॉक्टरांनी हाक मारेपर्यंत मॅडमनी कृपा करून गाडीतून उतरू नये.