बाटलीबाहेरचं पाणी

आमच्या फ्रिजच्या दारात आप्पांची पाण्याची बाटली असते. तिच्यावर मार्करने मीच रेघा मारल्यात: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आप्पा म्हणजे माझे वडील. किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस असतं, आणि रोज एवढंच पाणी. त्यापेक्षा जास्त झालं की आधी पाय सुजतात आणि मग छातीत पाणी भरतं. म्हणून चहा झाला की तेवढं पाणी मी बाटलीतून ओतून टाकते. आमटी पातळ झाली असेल तर तिच्यापोटीही.

चाकणच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते. एकदा आत्या आप्पांना भेटायला शहाळी घेऊन आली, तर मी ती तिला दारातूनच परत न्यायला लावली. पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझं बरोबर होतं. माझं नेहमी बरोबरच असायचं.

करोना आला तेव्हा सगळे घरात बसले, पण आप्पांना ती चैन नव्हती. डायलिसिस चुकवलं तरी जीव जाणार, आणि त्यासाठी जायचं ते हॉस्पिटलातच, जिथे करोनाचे पेशंट. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना लागण झाली तर फार जड जाईल. एका सोमवारी आप्पांच्या शेजारच्या बेडवर नेहमी असणारे गृहस्थ दिसले नाहीत. विचारलं तर कळलं, पॉझिटिव्ह निघाले आणि दोन दिवसांत गेले. हे दोघं दर वेळी चार-चार तास पिकांच्या आणि सुनांच्या गप्पा मारायचे. त्या दिवशी आप्पांनी चारही तास भिंतीकडे तोंड करून काढले.

मी मात्र कामाला लागले. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनमध्ये काढ्याची कृती होती. मी सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, गुळवेल असं सगळं आणलं आणि दिवसातून चार वेळा फुलपात्र भरून काढा आप्पांच्या हातात द्यायला लागले. कंपनी बंद होती, वेळच वेळ होता. आप्पा तोंड वाकडं करायचे, पण तळाचा गाळसुद्धा सोडायचे नाहीत. एरवी गोळी घ्यायला रडवणारा माणूस काढा निमूट पितोय म्हणून मी खूश होते.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी आप्पा अंथरुणात उशीला टेकून बसलेले दिसले. धाप लागली होती. "आडवं झालं की गुदमरतंय," म्हणाले. धाप म्हणजे त्या दिवसांत एकच अर्थ होता. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, रिक्षा कुणी आणेना. तळवड्यातल्या आमच्या शेताच्या जागेवर आता पत्र्याच्या शेड आहेत, त्यातल्या एका शेडमध्ये, सगळे ज्यांना चाचा म्हणतात, ते गॅरेज चालवतात. मी फोन केला तसे ते मास्क सारखा करत गाडी दारात घेऊन आले. मी म्हटलं, "चाचा, करोना असेल तर?" ते म्हणाले, "बेटा, आधी त्यांना बसव. बाकीचं नंतर बघू."

हॉस्पिटलच्या दारातच आप्पांच्या बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन कमी होता. ताबडतोब नळी लावली, नाकातून नमुना घेतला आणि आम्हाला वेगळ्या खोलीत बसवलं. अर्धा तास थांबायचं होतं. पॉझिटिव्ह आला तर नेहमीचं मशीन मिळणार नव्हतं, दुसरीकडे जागा शोधावी लागणार होती, आणि आप्पांचा श्वास तर तोवर टिकेल असं दिसत नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी देवाला जे जे कबूल केलं, ते सगळं फेडायला एक जन्म पुरायचा नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी दुसरा नमुना मोठ्या तपासणीला पाठवला आणि पूर्ण किट घातलेला टेक्निशियन आप्पांना आत घेऊन गेला. वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, खाली उतरवून पुन्हा उभं केलं.

"ताई, चार किलो वाढलंय. पाणी किती देताय?"

मी भडकलेच. "एक थेंब जास्त नाही. बाटली माझ्या ताब्यात असते!"

"मग दुसरं काही? ताक, सरबत, काढा?"

"काढा देते चार वेळा. पण ते औषध आहे."

"ताई, काढा कशात उकळता?"

"पाण्यात," मी म्हटलं. आणि माझं उत्तर मलाच ऐकू आलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आमटीचं पाणी मोजणाऱ्या बाईने काढा बाटलीत धरलाच नव्हता. एरवी माझी चूक कुणी दाखवली तर मी तीन दिवस धुमसते. त्या दिवशी मात्र त्या टेक्निशियनच्या पाया पडावंसं वाटलं. करोना नव्हता, मी होते! चार तासांत मशीनने पाणी ओढून काढलं आणि आप्पा उताणे झोपून चक्क घोरायला लागले. ते घोरणं मी काचेतून बघत राहिले. बाहेर चाचा गाडीपाशीच उभे होते, त्यांना सांगितलं तर ते आधी हसले आणि मग रुमालाने डोळे पुसत बसले.

आप्पांना घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी मोठा रिपोर्टही निगेटिव्ह आला. मी आप्पांसमोर बसले आणि म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या आलं हुतं की," आप्पा म्हणाले. "काढ्यात पानीच असतंय. उभा जनम शेतीला पानी दिलं, एवढं कळायचं न्हाई व्हय मला?"

मी चिडले. "मग बोलला का नाहीत? जीव गेला असता!"

आप्पांनी आपल्या पायांवरून हात फिरवला. सूज उतरली होती.

"लई तहान लागती गं," ते म्हणाले. "कडू हुता, पर वला हुता."

इतक्या दिवसांत बाटलीवरच्या रेघा मी रोज पाहिल्या होत्या. तहान किती लागते, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. मी उठले, फ्रिजमधून बाटली काढली आणि संध्याकाळच्या रेघेपर्यंतचं गार पाणी फुलपात्रात ओतून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घोटाघोटाने, तोंडात घोळवत, पार अंधार पडेपर्यंत पुरवलं.