पाकिटं वाचणारी उल्का

टोकियोतल्या निशी-कसाईत नवीन मराठी माणूस आला की त्याला आधी घर मिळतं आणि मग उल्काचा नंबर. दुकानातल्या पाकिटाच्या पाठीचा फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा, "चालेल का?" आमच्यातल्या निम्म्यांना जपानी वाचता येत नाही, आणि इथे साध्या बटाट्याच्या वेफर्समध्येसुद्धा चिकनचा अर्क निघतो. पाच मिनिटांत तिचं उत्तर येतं. "चालेल" नाहीतर "नाही चालणार". मधलं काही नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, एवढंसं माशाचं पाणी, कोण बघतंय?" तर म्हणे, "मग मला कशाला विचारतेस?" नऊ वर्षं इथे आहे, एका कंपनीत भाषांतराचं काम करते, स्वतः कट्टर शाकाहारी, आणि बोलणं म्हणजे एक घाव दोन तुकडे. मला ती शिष्ट वाटायची, खरं सांगते.

जूनमध्ये आमचं आणि उल्काचं अशी दोन कुटुंबं ओशिमा बेटावर गेली. तिथे ज्वालामुखीच्या राखेचं काळंभोर वाळवंट आहे, आणि मोठा पाऊस झाला की पलीकडच्या कड्यावरून तीन-चार दिवस धबधबा पडतो. बाकी वर्षभर कडा कोरडा ठणठणीत. "अगदी सोपी वाट आहे, आईलासुद्धा जमेल," असं माझ्या नवऱ्याने, शशांकने, छातीठोकपणे सांगितलं. म्हणून सासूबाईही आल्या. वय एकाहत्तर, मधुमेह, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या, आणि इथलं कुठलंही पाकीट उल्काने वाचल्याशिवाय तोंडाला न लावणाऱ्या.

अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते जरा." शशांक आणि उल्काचा नवरा विश्वजित पुढे गेले, खाण्याची पिशवी घेऊनच. आई, मी, उल्का आणि माझी आठ वर्षांची मैथिली मागे राहिलो. दहा मिनिटांत धुकं उतरलं. पाच पावलांवरचा दगड दिसेना. फोनला रेंज नाही.

आणि आईंचे हात थरथरायला लागले. घामाने डबडबल्या, जीभ अडखळायला लागली.

"आई, सकाळी खाल्लंत ना काही?"

"संकष्टी आहे गं आज."

सकाळी बोटीवर मधुमेहाची गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली होती. वर "चुकवायची नाही हं" असं दटावलंही होतं. संकष्टी माझ्या गावीही नव्हती, आणि सुनेला आठवण करून द्यायला या बाईंना संकोच! गोळी पोटात, अन्न नाही, साखर भराभर उतरत चाललेली.

"गोड काही आहे का? काहीही!" मी किंचाळले. पर्सा उलट्या केल्या. पाणी, टिश्यू, ट्रेनचं कार्ड. मैथिली रडवेली होऊन पुढे आली आणि सॅकच्या तळातून एक पाकीट काढलं. द्राक्षाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, नाक्यावरच्या कोन्बिनी दुकानातून माझ्या नकळत घेतलेल्या. "गोमेन, मम्मा," ती पुटपुटली. तिला सॉरी जपानीतच सुचतं.

मी पाकीट फोडून एक गमी आईंच्या ओठाशी नेली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. "उल्काला दे. तिला वाचू दे."

गमी कशाच्या करतात ते मलाही ठाऊक होतं. उल्काने पाकीट उलटं केलं तेव्हा मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. चालेल म्हण. एकच शब्द, सटवे, एकच!

उल्का आईंसमोर गुडघ्यांवर बसली. "काकू, नाही चालणार. यात जिलेटिन आहे, गाईचं आणि डुकराचं. पण दुसरं काही नाही आपल्याकडे. आत्ता खाल्लं नाहीत तर तुमची शुद्ध जाईल."

मला तिचा गळा दाबावासा वाटला. आईंनी मान फिरवली. मी त्यांचे पाय धरले, मैथिलीची शपथ घातली, धुक्यात शशांकला हाका मारमारून घसा बसला. कुणाची ओ नाही. आईंचे डोळे मिटायला लागले.

तेव्हा उल्काने एक गमी काढली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. जन्मात जिने कधी अंड्याचा केक खाल्ला नव्हता, ती. चावताना तिला उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी गिळली.

"झालं, काकू. माझंही मोडलं. आता तुम्ही एकट्या नाही. आ करा बघू."

आईंनी तोंड उघडलं.

"चावा, काकू. गिळा. आणखी एक." उल्का भरवत राहिली. वीसेक मिनिटांनी थरथर थांबली. आईंनी मैथिलीला नीट नावाने हाक मारली, आणि मी तिथेच राखेत बसून हमसून हमसून रडले. मग धुक्यातून आमचे दोन वीर आले, धबधब्याचे फोटो दाखवत. मी पिशवी हिसकावून आईंना पोळीभाजी दिली. उपास तर गेलाच होता, त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

मग मी उल्कावर तोंड सोडलं. "हरिश्चंद्र व्हायची ही वेळ होती का गं? खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? माझं माणूस जात होतं!" उल्का पाठमोरी उभी राहून चुळा भरत होती.

आईच बोलल्या. "तिला ओरडू नकोस, चारुता. मला अजून दीड महिना काढायचाय इथे. ती खोटं बोलली असती आणि मला नंतर कळलं असतं, तर कुणाच्या शब्दावर घास घेतला असता मी?"