सुधीरचं कझाकस्तान

सुधीरच्या शोकसभेत, इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये, मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की त्याने इतकी वर्षं अझरबैजानच्या सरकारला सल्ला दिला. दुसऱ्या रांगेतून माझ्याच बायकोचा, मेधाचा, आवाज आला, “कझाकस्तान.” त्या प्रसंगातही हॉल हसला. हसण्याचं मला काही नाही... पण हिला ते पाठ कसं? माझ्या कंपनीचं नाव ही अजून चुकवते.

सुधीर माझा कॉलेजपासूनचा मित्र. अर्थतज्ज्ञ, एकटा राहणारा. तिकडून परतला की हीथ्रोवरून थेट आमच्याकडे वरणभाताला. तेलाचे भाव चढत होते ती वर्षं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर जो तो सरकारला बाजूला व्हायला सांगत होता आणि तेलाचा पैसा दिसताच सरकार परत येऊन मधोमध कसं बसलं, हे तो भात कालवता कालवता सांगायचा.

“वहिनी, सरकारला तेलातूनच पैसा मिळाला की लोकांकडे कर मागावा लागत नाही. आणि कर न देणाऱ्याला जाब विचारायचं सुचत नाही.”

“मग तेल खासगी कंपन्यांना देऊन टाकायचं?” मेधा विचारायची.

“घेणार कोण? कालचेच साहेब, नव्या सुटात. सरकार हवंच हो. फक्त त्याच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी हवं.”

मेधा हनुवटीखाली हात धरून ऐकायची. मी भांडी घासायचो, जरा आवाज करतच. एकदा ईर्ष्येने लायब्ररीतून तेलावरची दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि पुढच्या जेवणात नॉर्वे तेलाचा पैसा कसा साठवतं यावर बोललो. मेधाने मला लोणचं हवंय का विचारलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, “वहिनी नाही आल्या?”

“मी आलोय ना,” मी म्हटलं.

“तू काय, तू आहेसच,” म्हणाला आणि डोळे मिटून हसला. ते वाक्य मी अजून चघळतोय... अपमान म्हणून सुरू करतो, आणि शेवटी त्याच्याच आवाजात स्वतःशी म्हणून बघतो.

सभेहून परतताना गाडीत शेवटी विचारलंच, की तुला आम्हा दोघांतल्या कुणाचं बोलणं आवडायचं. मेधा म्हणाली, “तेलाशी माझं काय घेणंदेणं रे? जेवताना तो माझ्याकडे बघून बोलायचा. आता आपल्या टेबलावर कोण बोलणार, तेवढं सांग.”