डावीकडची जड माती

चिरुतेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खालच्या ओढ्यावरून तीन घागरी पाणी, चुलीवर पेज, आणि उजाडताना ती आमच्याबरोबर सुरंगाच्या तोंडाशी हजर.

आमच्या कासरगोडच्या डोंगरात विहिरीचा भरवसा नाही. जांभ्यात आडवा बोगदा, म्हणजे सुरंग, खणत जायचं, पाणी लागेपर्यंत. पुरुष खणायचे, बायका डोक्यावरून माती बाहेर काढायच्या. त्यांना मजुरी आमच्या निम्मी. चिरुतेने अकरा वर्षं माती वाहिली. तिला खणायचं होतं. ती दरवर्षी विचारायची आणि आमचा मुकादम अंबू दरवर्षी म्हणायचा, "बाईने टिकाव मारला की पाणी लपतं."

शंभटांच्या सुपारीच्या बागेसाठी चाललेला सुरंग दीडशे फूट आत गेला. कोरडा ठक्क. दिवा धरून भिंतींवर हात फिरवला, कुठे ओल नाही. अंबूने टिकाव खाली ठेवला. मीही ठेवला.

"अंबूएट्टा, दादा, मागच्या वळणावरची डावीकडची माती जड होती," चिरुता म्हणाली.

"पेज कमी खाल्ली असशील."

"पेज तेवढीच, टोपली तेवढीच. मान जास्त दुखली. त्या मातीत ओल होती."

"ऐका! ही आता मानेने पाणी शोधणार!"

आम्ही हसलो. ती तडक शंभटांच्या ओसरीपुढे जाऊन उभी राहिली. "स्वामी, मला खणू द्या. पाणी नाही लागलं तर काही देऊ नका. लागलं तर खणणाऱ्याची मजुरी. या कामाची आणि पुढच्या प्रत्येक कामाची."

शंभटांचं जाणार काहीच नव्हतं. "खण," ते म्हणाले.

वळणापासून तिने डावीकडे फाटा काढला. खणायची एकटी, माती काढायची एकटी. पहिले तीन दिवस ती मनगटातून घाव घालत होती. घाव खांद्यातून यायला हवा. मला ते दिसत होतं, मी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिचं तिला कळलं. दिव्याची ज्योत बारीक झाली की बाहेर यायचं, वारा घ्यायचा, परत आत. दिवसाला दीड फूट. माझं तीन फूट व्हायचं, पण माझी माती दुसरं कोणी वाहायचं.

अंबू रोज तोंडाशी येऊन बसायचा. "काय गं, लपलं का पाणी?"

"लपलंय. हुडकतेय."

तेराव्या दिवशी ती बाहेर आली ती गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखून. अंबूच्या पायांपुढे तिने टोपली उपडी केली. मातीतून पाणी निथळत होतं. संध्याकाळी करंगळीएवढी धार बागेकडे वाहू लागली.

शंभटांनी शब्द पाळला. पुढच्या मालकांनी कुरकुर केली. तिने त्यांना सांगितलं, मग अंबूला बोलवा. तिने एकंदर चौदा सुरंग खणले. तीन कोरडे गेले. दोन सुरंगांत तिची माती मी वाहिली.

गुडघे धरायला लागले तेव्हा साठलेल्या मजुरीतून तिने डोंगराच्या उतारावर जमिनीचा तुकडा घेतला, स्वतःच्या नावावर. तिथे स्वतःचा सुरंग सुरू केला. माती वाहायला दोन बायका लावल्या आणि त्यांना मजुरी दिली खणणाऱ्याइतकी.

अंबू काठी टेकत वर आला. "तू बाजार बिघडवतेस, चिरुते."

"बिघडू दे. आणि जरा बाजूला सरका, त्यांच्या वाटेत उभे आहात."