पोचण्यापुरतं, वर रस्त्याचं

आधी सीट उघडायची. मग टाकीचं झाकण काढायचं, हँडल धरून स्कूटर दोनदा डावी-उजवीकडे हलवायची आणि कान टाकीकडे करायचा. आत किती खळखळतंय ते ऐकून झालं, की नळी हातात घ्यायच्या आधी विचारायचं, "कुठं जायचंय?"

तुम्ही आम्ही आजवर जेवढ्या पेट्रोल पंपांवर गेलो असू, तिथे सगळीकडे "कितीचं?" असंच विचारलेलं आठवेल. वागळे इस्टेटजवळच्या त्या पंपावर, तीन नंबरच्या मशीनवर उभी राहणारी ही बाई मात्र कुठं जायचंय ते विचारायची. पंचेचाळीसच्या आसपासची, पंजाबी ड्रेसवर पंपाचा निळा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका गिअरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि डोंबिवलीत राहतो. रोज स्कूटरने जातो-येतो. स्वभाव तापट. संध्याकाळी पाच वाजता तर मला कोणी नमस्कार केला तरी राग येतो. पहिल्या दिवशी मी सीट उघडली आणि म्हणालो, "फुल्ल करा."

"कुठं जायचंय?"

"तुम्हाला काय करायचंय हो?"

"डोंबिवलीकडं जात असाल तर पोचण्यापुरतंच घ्या, दादा. शिळफाटा ओलांडला की स्वस्त आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. भाजीवाल्याने आपणहून सांगावं की पुढच्या गाडीवरची भेंडी घ्या, तसलाच प्रकार. मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण मागे रांग होती, म्हणून सांगितलं तेवढंच घेतलं आणि शिळफाट्याच्या पुढे जाऊन भाव बघितला. खरंच कमी होता. रुपयाच्या आतला फरक, पण मध्यमवर्गीय माणसाला तेवढ्याने जो आनंद होतो तो बोनसनेही होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. तिने नळी परत अडकवत एखाद्या मास्तरणीसारखं समजावलं. "कंपनी तीच, टँकर तोच. पण ठाणं बसलंय मुंबई आणि नव्या मुंबईच्या पंगतीत. या पंगतीला सरकारचा कर थोडा जास्त. डोंबिवली, कल्याण बाहेरच्या पंगतीत, म्हणून तिकडं कमी. मग डेपोपासून पंप किती लांब, त्याचं भाडं. त्याचे दहा-वीस पैसे इकडंतिकडं. आणि तलासरीच्या पुढं गुजरातची हद्द लागली की कर आणखी उतरतो. तिथं आपल्याच गाड्यांची रांग असते."

हे सगळं तिला कसं माहीत, ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भावावरून लोक तिच्यावरच चिडायचे. एकदा एक सफारीवाले गृहस्थ तिला पाच मिनिटं देशाची अर्थव्यवस्था सुनावत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, भाव वरून येतो. मी नुसती नळी धरते. झिरो बघा." साहेबांनी मुकाट्याने झिरो बघितला.

पण या बाईची एक अट होती. पोचण्यापुरतं घ्या म्हणायची आणि लगेच पुढे जोडायची, "वर अर्धा लिटर रस्त्याचं." पोचायला जेवढं लागेल त्याहून अर्धा लिटर जास्त. त्यात सूट नाही. मी चिकटपणा करायचो. "अहो ताई, स्वस्तात भरायचं तर इथे जास्त कशाला?" ती ऐकायची नाही. "ते तुमचं नाही, रस्त्याचं आहे," म्हणायची आणि भरायची. माझ्या स्कूटरचा काटा तीन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला, त्यामुळे टाकीत काय आहे ते मला फक्त तिच्या कानावरून कळायचं.

एका संध्याकाळी ताई सुटीवर होती. तिच्या मशीनवर शेजारच्या मशीनवरचे काका उभे होते. मी मनाशी हिशेब केला, रस्त्याचं अर्धा लिटर गाळलं आणि मुंब्रा बायपासच्या चढावर स्कूटर बंद पडली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भोंगे वाजवत जाणारे कंटेनर. दीड तास स्कूटर ढकलली. दुसऱ्या दिवशी मोठ्या विनोदाने तिला ती कथा सांगितली. मला वाटलं हसेल.

ती हसली नाही. तिचा चेहरा असा झाला, की मी बोलता बोलता थांबलो. "हसण्यावारी नेऊ नका," ती म्हणाली. "बायपासवर उतरला होतात? पायी? कुठल्या कडेनं चाललात?" मी म्हटलं, जाऊ द्या हो. तिने त्या दिवशी झिरो बघा म्हटलंच नाही. पेट्रोल भरलं, झाकण लावलं आणि पुढच्या गाडीकडे वळली. मला राग आला. चूक माझी, पेट्रोल माझं, हिला काय झालं एवढं चिडायला?

पंपाच्या मॅनेजरच्या कानावर तिचं हे वागणं जाणारच होतं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. विक्री पडली की त्याला मालकासमोर उभं राहावं लागायचं. माझ्यादेखत त्याने तिला एकदा विचारलं, "बाई, आपण पंप चालवतोय की धर्मशाळा? गिऱ्हाईक डोंबिवलीला पाठवायला पगार देतो का तुम्हाला?" ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, सर." काकांनी मला नंतर सांगितलं, की ही दुसरी ताकीद. तिसऱ्या वेळी घरी. आणि घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. नवरा नाही, ठाकुर्लीत भाड्याची खोली, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. नोकरी गेली तर मुलीचं वर्ष गेलं.

मी तिला म्हणालो, "ताई, विचारणं बंद करा. कशाला विषाची परीक्षा?"

"आठ दिवस करून बघितलं," ती म्हणाली. "जमत नाही, दादा. गाडी गेली की दिवसभर वाटत राहतं, पोचला असेल का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता हळू विचारते."

एवढं सगळं माहीत असून मी काय केलं ते ऐका. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर कोणीतरी लिहिलं, की आजकाल प्रामाणिक माणूस राहिला नाही. झालं. माझ्यातला लेखक जागा झाला. मी हा एवढा मोठा मेसेज लिहिला. अमुक पंप, तीन नंबरची मशीन, तिथली ताई स्वतःच्या पंपाचं नुकसान करून आपल्याला डोंबिवलीत स्वस्त पेट्रोल भरायला सांगते, अशा माणसांमुळे जग चाललंय, वगैरे. सत्तर अंगठे आले. चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी तर हात जोडलेले पाठवले. मी दोन दिवस ताठ मानेने जिना चढत होतो. बायको एवढंच म्हणाली, "पंपाचं नाव कशाला लिहिलंत?"

मेसेज डोंबिवलीभर फिरला आणि पाचव्या दिवशी मॅनेजरच्या मोबाइलवर पोचला. सोमवारी मी पंपावर गेलो, तर तीन नंबरवर काका.

"ताई?"

"काढली. मालकानं मेसेज वाचून दाखवला म्हणे तिला." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मेसेज माझा आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. टाकीचं झाकण काढता काढता ते आपणहूनच बोलायला लागले. ताईचा नवरा इस्टेटमधल्याच एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा. ठाणे ते वापी. शेठ खेपेचे ठरावीक पैसे द्यायचा, त्यातून डिझेल भरून उरेल ते याचं. म्हणून तो कधीही इकडे टाकी भरायचा नाही. मोजून तेवढं घालायचं आणि गुजरातची हद्द गाठायची, मग तिथे फुल्ल. अशा शंभर खेपा झाल्या असतील. एका दुपारी हद्द तीन-चार किलोमीटरवर असताना टेम्पो थांबला. तो कॅन घेऊन पायी निघाला. हायवे ओलांडताना मागून ट्रक आला.

"तेव्हापासून ती असं विचारते," काका म्हणाले. "कितीचं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. घरी आलो आणि जेवलो नाही. बायपासच्या चढावर मी कुठल्या कडेने चाललो, हे तिने का विचारलं होतं ते त्या दिवशी कळलं. मला माझी भयंकर लाज वाटली. आजही वाटते. ठाकुर्लीला जाऊन पाय धरावेत असं रोज वाटायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. भित्रा माणूस कामसू होतो. त्या पंपावरही मी जाईनासा झालो. रस्त्यात दिसेल तिथे थोडं थोडं भरायचो.

मग काही आठवड्यांनी राज्याचं बजेट आलं, आणि त्यात ठाणे-मुंबईचा तो जादा कर काढून बाकीच्या महाराष्ट्राइतकाच केला. म्हणजे ज्या फरकापायी तिची नोकरी गेली, तो फरकच उरला नाही. उरले ते टँकरच्या भाड्याचे चार पैसे. मी पेपर घडी करून खिशात घातला आणि तडक मॅनेजरकडे गेलो. मेसेज मी लिहिला हेही सांगून टाकलं. त्याने बातमी दोनदा वाचली. "बाईंचं माप कधी चुकलं नाही," तो म्हणाला. "मालकांशी बोलतो." शनिवारी त्याचा फोन आला. पाठवा म्हणाला.

रविवारी सकाळी मी काकांकडून पत्ता घेऊन ठाकुर्लीला गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली. ताईच्या हाताला पीठ लागलेलं होतं. पंप सुटल्यापासून ती डोंबिवलीतल्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची आणि दुपारी एका आजींकडे सोबतीला जायची. मुलीने शेवटची परीक्षा दिली होती, आता निकालाची वाट. मी चहाचा कप हातात धरून सगळं कबूल केलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "अडकलेल्या काट्याची स्कूटर, असं लिहिलं होतं ना तुम्ही. पण चांगलंच लिहिलं होतं, दादा. इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं. मी ठेवलाय तो मेसेज."

याहून तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घाईघाईने मॅनेजरचा निरोप सांगितला. उद्यापासून या, तीच मशीन, तोच पगार.

तिने परातीतलं पीठ बोटांनी गोळा केलं. "भाव सारखा झाला ना आता?"

"झाला."

"मग मी कुठल्या तोंडानं विचारू? भावाच्या निमित्तानं विचारता यायचं. लोकांना वाटायचं बाई पैसे वाचवते, म्हणून सांगायचे, इथं चाललो, तिथं चाललो. आता विचारलं तर म्हणतील, हिला कशाला चौकशा? आणि न विचारता नळी धरायची माझ्यानं होणार नाही." तिने हात धुतले. "सरांना सांगा, आभारी आहे."

मी उठलो. ती मला सोडायला खाली आली. सवयीने सीट उघडली, झाकण काढलं, स्कूटर दोनदा हलवली. कान दिला. पुन्हा हलवली. आत काहीच वाजलं नाही.

"असे आलात?" ती म्हणाली. बस्स, एवढंच.

पंप दीड किलोमीटरवर. मी नको नको म्हणत असताना तिने मागून स्कूटरला हात लावला. रविवारची सकाळ, तरी रिक्षा, टेम्पो, डंपर चालूच होते. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिने मला आतल्या बाजूला घेतलंय आणि रहदारीच्या बाजूला ती स्वतः चालतेय. मी जागा बदलायला गेलो, तर तिने मान हलवली आणि ढकलत राहिली.

पंपावरच्या माणसाने नळी उचलून विचारलं, "कितीचं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "फुल्ल करा." एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. टाकी काठोकाठ भरेपर्यंत ती आकड्यांकडे नाही, टाकीच्या तोंडाकडे बघत होती. झाकण तिने स्वतः लावलं, दोनदा आवळलं आणि पदर नव्हता तरी ओढणीने माझ्या सीटवरची धूळ पुसली.

"कुठं जायचंय?" तिने विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

"मग पोचाल," ती म्हणाली आणि वळून चालायला लागली. पुढे मुलीला कुठेतरी नोकरी लागली, त्या दोघी ठाकुर्ली सोडून गेल्या, एवढं काकांकडून कळलं. मी ताईला पाहिलं ते त्या सकाळीच शेवटचं, रस्त्याच्या अगदी कडेने, हळूहळू जाताना. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी स्कूटर सुरू केली नाही.