माफी काहून मागू?

हिंगोलीच्या अभ्यासिकेत मोठ्यानं बोलणाऱ्याला मी सरळ बाहेर काढतो. 'शांतता राखा' ही पाटी मीच लावलेली.

खिडकीजवळ रोज एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसायची. तिच्या कंपनीचे सगळे सर्व्हर एकाच स्वस्त वाटेनं इंटरनेटवर जातील, असा कोड तिनं लिहिला होता. "सेटिंग हातानं बदलायचं न्हाई, कोडमधीच लिहायचं, न्हाईतर कोड चालला की पुसलं जातं," म्हणायची.

परवा ती फोनवर कडाडली, "सर, सेटिंग तुमी हातानं बदललं, मला सांगितलंसुद्धा न्हाई. माझा कोड चालला, तुमचा बदल पुसला अन् सगळं बंद पडलं. मग माफी मी काहून मागू?"

अभ्यासाला बसलेल्या एकानं पाटीकडं बोट दाखवलं. माझं डोकंच फिरलं. तिला गप्प करायला फोनवरचा तो साहेब काय कमी होता?

"तू गप बस," मी त्यालाच म्हणालो. "तिला बोलू दे."